शिखरावरून दिसणारं माहेर

डोंगराच्या माथ्यावर प्रवाशांसाठी एक विश्रामगृह होतं. त्यात जे जे होतं ते सगळं माणसाच्या पाठीवरून वर गेलेलं होतं. पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, गाद्या, कपाटं, भिंतभर आरसे. यातलं निम्मं तरी एकाच पाठीवरून गेलं. त्या पाठीच्या मालकाला सगळे काटा म्हणायचे. वजनकाट्यातला काटा. पोतं नुसतं हलवून तो त्याचं वजन सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. पंचेचाळीस किलोचं ओझं त्याने जन्मात कधी पन्नासचं म्हणून सांगितलं नाही. ओझ्याच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे. जिथे बोलला, तिथे पाठीवर ओझं नव्हतं.

ओझेवाल्यांचे दोन नियम होते. पहिला, चढताना शिखराकडे बघायचं नाही. बघितलं की ते लांब आहे हे कळतं, आणि ही बातमी गुडघ्यांना सगळ्यात आधी पोचते. पट्टा कपाळावर, मान खाली, नजर पुढच्याच्या टाचांवर. दुसरा, वर पोचल्यावर बसायचं नाही. अंगावरचा घाम गार झाला की पायांचं लाकूड होतं. माल स्वयंपाकघराच्या मागच्या दारी उतरवायचा, पाणी प्यायचं, दोर गुंडाळायचा आणि आल्या वाटेने निघायचं.

मागच्या दारासमोर एक उभा खडक होता आणि खडकावर शेवाळ होतं. ज्या देखाव्यासाठी लोक लांबून यायचे तो पुढच्या अंगाला. तिथे कठडा, बाकं, फोटो काढणारी मंडळी. काटा तीस-पस्तीस वर्षं त्या शिखरावर गेला आणि तिथून त्याने शेवाळ पाहिलं. कोणत्या महिन्यात ते किती हिरवं असतं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तसं कुणी विचारलंही नाही.

त्याचं लग्न झालं ते डोंगररांगेच्या पलीकडच्या गावातल्या मुलीशी. लग्नात सासऱ्यांनी त्याला अंगणात नेलं आणि समोरच्या एका माथ्याकडे बोट दाखवलं. जावईबापू, तो तुमचा डोंगर, म्हणाले. काट्याने मान डोलावली. डोंगराची ओळख त्याला टाचेने होती, चेहऱ्याने नव्हती. सासरे म्हणतात तर असेल.

नवी नवरी पहिले काही दिवस संध्याकाळ झाली की रडायला बसायची. काटा कामावरून यायचा, हातपाय धुवायचा आणि तिच्यासमोर उभा राहायचा. पुढे काय करायचं ते त्याला सुचत नसे. पोत्याला कान असतात, कपाटाला कडा असते. रडण्याला धरायला काहीच नसतं. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "वरून तुझं घर दिसतं."

ती थांबली. डोळे पुसून म्हणाली, "खरंच? काय करत होते सगळे?"

"माणसं कुठली दिसतात एवढ्या लांबून. धूर निघत होता."

धूर ऐकून ती उठली आणि चूल पेटवायला गेली. काट्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी तो दारात पाय ठेवतो तोच तिने विचारलं, "आज?"

ते 'आज' मग संसारभर चाललं. पाठ मोडलेली असताना, खांदे सोललेले असताना, रोज तिच्या माहेरी काहीतरी घडवून आणायचं ही दुसरी पाळी होती, आणि तिचा मोबदला नव्हता. काटा ती चुकवत नसे. आज अंगण झाडलेलं होतं. आज दोरीवर कपडे होते, पांढरे जास्त. आज कुणीतरी पाहुणे आलेले दिसले, दाराशी गाडी होती. रविवारी तो कामावर जात नसे, म्हणून माहेरी रविवारी काही घडत नसे.

बायको हे सगळं माहेरी कळवायची. तिकडे त्याचे परिणाम झाले. सासरे रोज सकाळी तोंड धुवून झालं की त्या माथ्याकडे बघून हात वर करायचे. सासूबाई अंगण दोनदा झाडायला लागल्या. मेव्हणा कामाच्या वेळी घरामागे खाट टाकून झोपायचा, त्याची खाट आत गेली. एका संध्याकाळी काट्याला काहीच सुचेना, तेव्हा तो म्हणाला होता की छपरावरचं एखादं कौल सरकलेलं वाटतं. आठवड्याने निरोप आला. मेव्हणा वर चढला तर एक नाही, दोन सरकली होती. आता कौलं सरकलेली नाहीत असं छप्पर कुठे असतं? पण त्या दिवसापासून सासरच्या गावात काट्याच्या नजरेला मान मिळाला. मेव्हणा बाटली घेऊन गोठ्यात जायचा तेसुद्धा दार लावून.

पुढे डोंगरावर दोरावरचा पाळणा आला. खालच्या ठाण्यावर खटका ओढायचं काम काट्याच्या धाकट्या भावाला लागलं. त्याची बायको, म्हणजे काट्याच्या बायकोची धाकटी जाऊ, गल्लीभर सांगत फिरली की आमचे हे एका बोटाने आठ माणसं वर चढवतात. काटा यावर काही बोलला नाही. बोटाने केलेल्या कामाला तो काम म्हणत नसे, पण भाऊ होता. पिठाची पोतीही आता पाळण्यातून जाऊ लागली. काट्याने पट्टा खुंटीला लावला आणि घरी बसला.

घरी बसलेल्या नवऱ्याला 'आज?' विचारण्यात अर्थ नव्हता. बायकोची संध्याकाळ रिकामी झाली. थोडे दिवस तिने कळ काढली, मग एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली की ती वर जाणार. तिचे गुडघे कधीचे गेले होते, पायी चढणं तिला जमलं नसतं, पण पाळण्यात तर बसूनच जायचं. वरून आपलं माहेर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

काटा म्हणाला, वर बघण्यासारखं काही नाही.

"एवढी वर्षं रोज बघताय आणि बघण्यासारखं काही नाही?"

त्याने माहेरी गाडीने जाऊन येण्याचा पर्याय काढून पाहिला. ती म्हणाली, गाडीने मी जातेच वर्षाकाठी, कंबर मोडते आणि आई समोर बसून आजारपणं सांगते. तुम्हाला ती जशी दिसते, तशी मला बघायची आहे. मग तिने लगेच भावाला फोन लावला. रविवारी, ऊन डोक्यावर आलं की, आईला अंगणात उभं करायचं, हातात लाल चादर द्यायची आणि ती हलवायची. म्हातारीचं वय झालेलं, प्रवास बंद, पण चादर हलवण्याएवढा जीव होता. पलीकडे सगळं घर कामाला लागलं. जी चादर होती तिचा रंग उडालेला होता, म्हणून मेव्हण्याने नवी आणली.

काटा फार घाबरला नव्हता. सासऱ्यांनी स्वतः बोट दाखवलेलं, तेव्हा घर दिसत तर असणारच. फक्त ते कोणत्या बाजूला, एवढं आधी बघून ठेवायचं. म्हणजे रविवारी बायकोपुढे उलट्या दिशेला बोट जायला नको. दोन दिवस आधी तो कुणाला न सांगता पायवाटेने निघाला.

रिकाम्या पाठीने चढणं त्याला जमेना. तोल पुढे जायचा, पाऊल जरुरीपेक्षा उंच पडायचं, दोनदा तो स्वतःच्याच पायात अडकला. शेवटी त्याने एक बरासा दगड उचलून पाठीला बांधला. मग चाल बसली. वर पोचल्यावर तो सवयीने मागच्या दारी गेला आणि दगड उतरवून ठेवला. आचाऱ्याने बाहेर येऊन दगडाकडे पाहिलं आणि विचारलं की हा कुणी मागवला.

काटा इमारतीला वळसा घालून पुढे गेला. कठड्याला हात लावून मान वर केली.

एवढं सगळं होतं तिथे. खाली डोंगर असे पडले होते जशी थकलेल्या माणसांनी पोती उतरवून ठेवावीत, कुणी आडवी, कुणी उभी, कुणी एकाला एक टेकवून. त्यांच्यामधून नदी वाट काढत होती आणि कुठेही घाई करत नव्हती. शेतं, त्यांच्या कडांनी झाडं, एक रस्ता आणि त्यावरून मुंगीएवढी गाडी. लांब, अगदी लांब, जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते सांगता येत नव्हतं. त्याने स्वतःचं घर शोधलं. छपरावरच्या पाण्याच्या निळ्या टाकीवरून ते सापडलं. ती टाकी त्यानेच चढवली होती. इथून ती औषधाच्या गोळीएवढी होती. आपण हे इतकी वर्षं पाठीमागे टाकून उतरत होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला जरा फसवलं गेल्यासारखं वाटलं. कुणी फसवलं ते कळेना.

आचारी चहा घेऊन आला. काट्याने सासरच्या गावाचं नाव घेऊन दिशा विचारली. आचाऱ्याने कपानेच दाखवलं. तिथे एक डोंगर होता, माथ्याला खाच पडलेला, रुंद, अंगाने भरलेला.

"ह्याच्या मागे," आचारी म्हणाला.

"दिसत नाही?"

"हा बाजूला सरकला तर दिसेल."

काटा त्या डोंगराकडे बघत राहिला. माल असता तर त्याने दोन फेऱ्यांत हलवला असता.

उतरून तो थेट भावाकडे गेला. रविवारी पाळणा बंद ठेव म्हणाला. काहीतरी मोडलंय म्हणून सांग. भावाने कारण विचारलं, काट्याने सांगितलं. भाऊ इतका हसला की त्याला खटक्यापासून लांब जाऊन उभं राहावं लागलं. हसून झाल्यावर म्हणाला, "दादा, वहिनीला सांगून टाक."

"तू सांग."

"मी फक्त खटका ओढतो."

घरी त्याने खरंच प्रयत्न केला. बायको ठेवणीतल्या कपड्यांना इस्त्री करत होती. तो म्हणाला, अगं, तो डोंगर आहे ना. ती म्हणाली, कोणता, आणि इस्त्री उचलून त्याच्याकडे पाहिलं. इस्त्री गरम होती. तो म्हणाला, काही नाही, वारा असतो, डोक्याला काहीतरी बांध. त्याला धुक्याची एक शेवटची आशा होती. रविवारी आभाळ काच पुसल्यासारखं निघालं.

खालच्या ठाण्यावर जाऊ आलीच होती. ती स्वतः कधी पाळण्यात बसली नव्हती, साध्या झोपाळ्यावर तिला गरगरायचं. म्हणाली, "ताई, नीट बघून घ्या हं. भाऊजी सांगतात तेवढं सगळं आहे का तिथे, की दोन खोल्या कमी आहेत."

बायको डब्यात बसली. भावाने खटका ओढला आणि मान फिरवली.

डबा वर निघाला. काट्याला ते काही बरं वाटत नव्हतं. ज्या वळणावर तो रोज एकदा मरत असे ते वळण पायाखालून न विचारता निघून गेलं. घाम नाही, धाप नाही, आणि शिखर आलं. हे पोचणं नव्हतं, नेऊन टाकणं होतं.

बायको कठड्याशी गेली. बराच वेळ ती काही शोधतच नव्हती, नुसती बघत होती. "केवढं आहे हो हे," म्हणाली. "तुम्ही हे कधी सांगितलंच नाही. नुसते कपडे आणि धूर सांगत बसलात." मग पदर खोचावा तसा तिने चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "कुठे?"

काट्याने हात वर केला. हात खाचेच्या डोंगराच्या आसपास कुठेतरी थांबला. ती त्या दिशेला बघत राहिली. डोळे बारीक केले, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग ती अगदी हळू म्हणाली, "ही खाच."

काट्याने हात खाली घेतला.

"हा तर आमच्या अंगणातून दिसतो तो डोंगर. हा इकडे पाठ करून उभा आहे." ती काट्याकडे वळली. "म्हणजे तिकडून तुमचा डोंगर दिसतच नाही. वडील जन्मभर ह्यालाच हात करत होते."

काट्याने कठडा धरला. मजबूत कठडा होता, त्याचे गज त्यानेच आणले होते. त्याला वाटलं, आता ही रडेल, किंवा बोलेल, किंवा दोन्ही. यातलं काही व्हायच्या आत फोन वाजला.

पलीकडे मेव्हणा होता. एवढा मोठ्याने बोलत होता की काट्यालाही ऐकू येत होतं. ताई, आई केव्हाची उभी आहे, हात दुखायला लागले तिचे, शेजारचेही सगळे जमलेत, दिसतंय की नाही ते सांग.

बायकोने खाचेच्या डोंगराकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. ते बघणं काट्याला चांगलंच जड गेलं.

"दिसतंय," ती फोनमध्ये म्हणाली. "आई, दिसतेस गं. लाल चादर दिसते."

पलीकडे गलका झाला. मग म्हातारीने फोन घेतला. लेक बघते आहे म्हटल्यावर ती खुशीत आली होती. खेळातच म्हणाली, दिसतंय ना, मग सांग बघू, माझ्या शेजारी कोण उभं आहे.

बायकोने फोन कानावरून काढला आणि काट्याच्या हातात दिला.

"सांगा. तुम्हाला सवय आहे."

काट्याने आयुष्यात पुष्कळ काही उचललं होतं. पियानोसुद्धा, चौघांत. पण एवढासा फोन त्याला दोन्ही हातांनी धरावा लागला.

"मेव्हणे आहेत," तो म्हणाला. "खिशात हात घालून उभे आहेत."

मग म्हातारीचा आवाज आला, फोनमध्ये नाही, बाजूला: काढ ते हात बाहेर, जावईबापूंना दिसतंय सगळं. मग परत फोनमध्ये, लाजून: आणि मी कशी दिसते?

"दमलात," काटा म्हणाला. "चादर द्या त्यांच्याकडे आणि बसा आता."

म्हातारी कुणाला तरी सांगत होती की बघा, दमलेलंही दिसतं. फोन बंद झाला.

उतरताना डब्यात दोघंच होती. दार बाहेरून लावलेलं, खाली दरी. काट्याला पळायला जागा नव्हती. बायकोने एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. दोरीवरचे पांढरे कपडे? ते असंच. दाराशी गाडी, पाहुणे? तेही असंच. थोरल्याच्या बाळंतपणाच्या वेळी मी इथे कळा देत होते आणि तुम्ही येऊन सांगितलंत की आई अंगणात येरझारा घालते आहे. ते?

"घालतच असणार ना."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग म्हणाली, "आणि वडील गेले त्या दिवशी? तुम्ही आलात, पाणीसुद्धा प्यायला नाहीत. म्हणालात, अंगणात गर्दी दिसली, तू कपडे भर, आपण जाऊन येऊ. बातमी आपल्याला तिथे गेल्यावर कळली."

काट्याने हात मांडीवर ठेवले. "मला खाली गाडीवाल्याने सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुला एकदम कसं सांगायचं कळेना. म्हणून गर्दी."

डबा खांबावरून जाताना खडखडला आणि तिने आधारासाठी हात पुढे केला. तो काट्याच्या गुडघ्यावर पडला आणि ठाणं येईपर्यंत तिथेच राहिला. काट्याने गुडघा हलवला नाही. त्याला मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

खाली जाऊ वाटच बघत होती. भाऊ खटक्यामागे लपल्यासारखा उभा होता.

"मग ताई? दिसलं का माहेर?"

"दिसलं की," बायको डब्यातून उतरत म्हणाली. "तुमचंही दिसलं."

"आमचं?"

"तुमच्या वहिनीने घरासमोरचं झाड तोडायला माणूस बोलावलेला दिसतोय. मला चष्म्यातून नीट कळलं नाही. ह्यांना विचारा, ह्यांची नजर तयार आहे."

जाऊ काट्याकडे वळली. झाड तिच्या वडिलांनी लावलेलं होतं आणि तिच्या वहिनीच्या डोळ्यांत ते कधीपासून खुपत होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काट्याने बायकोकडे पाहिलं. ती चपलेचा पट्टा नीट करत होती, खाली वाकून, फारच मन लावून.

"अजून तोडलं नाही," काटा म्हणाला. "फांद्याच काढतोय."

जाऊ फोन हातात घेऊनच बाजूला गेली. तिच्या वहिनीने फोन उचललेला ऐकू आला, आणि पुढचं ऐकायला दोघं थांबली नाहीत. बायको आपले दुखरे गुडघे घेऊन पुढे चालत होती. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे हे मागून कळत नव्हतं. काट्याने पाऊल उचललं, तिला ओलांडून पुढे गेला आणि वळून बघितलं.

हसत होती. त्याला बघून तिने तोंड पुसलं.

"घरी चला," म्हणाली. "अजून पुष्कळ विचारायचंय."